सोलमधली बसलेली मुलगी: चौथरा नसलेलं एक स्मारक

मृदगंधा

स्मारक म्हटलं की आपल्याकडे पहिली बोलणी चौथऱ्याच्या उंचीची होतात. मी मातीकाम करते, मोठ्या पुतळ्यांच्या कामांवर हाताखाली राबले आहे, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. म्हणूनच सोलमधल्या एका ब्राँझच्या शिल्पाबद्दल इथे सविस्तर लिहावंसं वाटलं. जपानी लष्कराने सैनिकांच्या शरीरसुखासाठी ज्या मुलींना कोंडून ठेवलं त्यांचं हे स्मारक. त्याला चौथराच नाही. रस्त्याने जाणाऱ्या कुणीही त्या मुलीच्या शेजारी येऊन बसावं अशीच त्याची रचना आहे. तिच्या बाजूची खुर्ची त्यासाठीच मोकळी ठेवली आहे.

जपानी लष्कराने १९३२ पासून, आधी शांघायमध्ये आणि १९३७ नंतर सैन्य जाईल तिथे, सैनिकांसाठी 'कम्फर्ट स्टेशनं', म्हणजे लष्करी वेश्यागृहं, चालवली. कोरिया, चीन, तैवान, फिलिपिन्स, इंडोनेशिया, मलाया, ब्रह्मदेश इथल्या मुली आणि बाया नोकरीच्या थापा मारून, आईबापांना उचल देऊन किंवा सरळ पळवून नेऊन त्यांत कोंडल्या. एकूण किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत आकडे सांगतात, काही चिनी अभ्यासक त्याहूनही पुढे जातात. ज्या जिवंत परतल्या त्यांतल्या बहुतेकींनी पन्नास वर्षं घरातही तोंड उघडलं नाही. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन या साठी ओलांडलेल्या बाईंनी नाव आणि चेहरा न लपवता पत्रकारांसमोर सगळं सांगितलं. पुढच्या जानेवारीत, ८ तारखेला, सोलमधल्या जपानी दूतावासासमोर पहिलं निदर्शन झालं आणि मग दर बुधवारी होत राहिलं. १४ डिसेंबर २०११ हा हजारावा बुधवार. त्या दिवशी हे शिल्प तिथे बसलं. किम सो-ग्योंग आणि किम उन-सोंग या शिल्पकार जोडप्याचं हे काम.

आता शिल्पाबद्दल. मुलगी साधारण खऱ्या मापाची, अंगात हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख. केस हनुवटीच्या आसपास कापलेले, पण नीट कापलेले नाहीत, टोकं वेडीवाकडी. घरापासून, माणसांपासून तोडल्याची ती खूण. डाव्या खांद्यावर एक छोटा पक्षी. मागे जमिनीवर काळ्या दगडाच्या तुकड्यांनी तिची सावली केली आहे, पण ती मुलीची नाही, पाठीत वाकलेल्या म्हातारीची आहे. तिच्या छातीशी एक पांढरं फुलपाखरू.

मला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात खरं वाटलं ते पायांचं काम. पाय अनवाणी आहेत आणि टाचा जमिनीला टेकलेल्या नाहीत. बसलेली आकृती करताना आम्ही आधी पावलं पक्की रोवून घेतो. तेवढं जमलं की वरचं अंग आपोआप स्थिर दिसतं. इथे वरचं अंग शांत आहे, पाठ ताठ आहे, नजर समोर आहे, आणि सगळी अस्वस्थता टाचांखालच्या बोटभर पोकळीत ठेवली आहे. युद्ध संपलं, मायदेशी आल्या, पण कुठे टेकता आलं नाही. गावाने, नातेवाइकांनी, सरकारने टेकू दिलं नाही. चेहऱ्यावर एक अश्रू न दाखवता हे सांगणं मला फार मोठं वाटतं.

हातांची गोष्टही सांगते. पहिल्या आराखड्यात हात मांडीवर एकावर एक ठेवलेले होते. शिल्प बसवू नका म्हणून जपानकडून दबाव येऊ लागला, तशा शिल्पकारांनी त्या हातांच्या मुठी वळल्या.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या काळातल्या उत्तम स्मारकांपैकी हे एक आहे, आणि ते उत्तम आहे कारण ज्यांचं दुःख त्यांच्याच चळवळीतून ते आलं, कुठल्या सरकारी समितीतून नाही. जाणकारांनी भर घालावी, मतभेद असतील तर तेही मांडावेत.

रानजाई

वाचून सुन्न झाले. टाचांचं वाचल्यावर फोटो उघडून पाहिले. आधीही पाहिले होते, पण ते कधी लक्षात आलं नव्हतं.

शशांक_ज

लेखन उत्तम, शिल्पाबद्दल आदर. पण मनापासून एक प्रश्न आहे. २०१५ च्या डिसेंबरमध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला ना? जपानच्या पंतप्रधानांनी माफी व्यक्त केली, पीडितांसाठी शंभर कोटी येन दिले, विषय 'अंतिम आणि अपरिवर्तनीय' रीतीने मिटला असं दोघांनी जाहीर केलं. तरी पुतळा तिथेच राहिला, उलट जगभर त्याच्या प्रती उभ्या राहिल्या. राष्ट्रांनी कधीतरी पुढे जायला हवं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. दूतावासाच्या दारात कायमची बसलेली तक्रार संबंध सुधारू देईल का?

कावेरी_सोल

शशांकजी, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं इथे आहोत, म्हणून इथून दिसलेलं लिहिते.

त्या कराराची खरी अडचण पैशांची नव्हतीच. २८ डिसेंबर २०१५ ला दोन परराष्ट्रमंत्र्यांनी पत्रकारांसमोर निवेदनं वाचली, तेव्हा हयात असलेल्या आज्यांना (इथे सगळे त्यांना हालमोनी, म्हणजे आजी, म्हणतात) आधी कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या वतीने दुसऱ्यांनीच विषय 'मिटवला'. त्यात कोरियाच्या सरकारने हा पुतळा हलवण्याबाबतही प्रयत्न करू असं म्हटलं. झालं, कॉलेजची मुलं त्याच आठवड्यात पुतळ्याभोवती रात्रंदिवस बसली. सोलची जानेवारीतली थंडी म्हणजे उणे दहा तर नेहमीचंच. रस्त्यावर प्लॅस्टिक अंथरून, रजया घेऊन ती पोरं तिथे झोपली. काही आज्यांनी पैसे घेतले, तो त्यांचा हक्कच होता, काहींनी ठाम नाकारले. करारातून निघालेली संस्था पुढच्या सरकारने २०१८ मध्ये बंद करायची ठरवली.

इथले साधे लोक या मुलीला पुतळा मानत नाहीत, हे मला सुरुवातीला फार नवल वाटायचं. हिवाळ्यात तिच्या गळ्यात विणलेला मफलर असतो, डोक्यावर टोपी, अनवाणी पावलांवर लोकरीचे मोजे. पाऊस असला की कुणीतरी छत्री धरून उभं असतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये १५१ नंबरच्या काही बसगाड्यांमध्ये या मुलीची हुबेहूब प्रतिकृती सीटवर बसवली होती. मी चढले तेव्हा माझ्या पुढच्या दोन शाळकरी मुली तिच्याजवळ उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या, आणि एक गृहस्थ उतरताना तिच्याकडे वळून वाकले. कोरियन लोक वडीलधाऱ्यांसमोर वाकतात तसे.

आणि गंमत नाही, वस्तुस्थिती सांगते: समोरची दूतावासाची जुनी इमारत पाडली, नवी बांधलीच गेली नाही. दूतावास शेजारच्या उंच इमारतीत गेला. मुलगी वर्षानुवर्षं पत्रे लावलेल्या रिकाम्या प्लॉटकडे बघत बसली आहे.

निहोंगो_पुणे

मृदगंधाताई, धागा फार चांगला काढलात. मी पुण्यात जपानी शिकवते. आपल्याकडे हजारो मुलं ही भाषा शिकतात, जपानवर प्रेम करतात, आणि हा विषय निघाला की गप्प होतात. म्हणून जपानमधली एक बाजू मांडायलाच हवी. ती सरकारची बाजू नाही.

१९९२ च्या जानेवारीत लष्कराचा थेट सहभाग दाखवणारी कागदपत्रं शोधून काढली ती योशिमी योशिआकी या जपानी इतिहासकाराने, तीही जपानच्याच संरक्षण खात्याच्या ग्रंथालयातून. तोवर सरकार म्हणत होतं की हे सगळं खासगी दलालांचं काम. वर्तमानपत्रात ती छापून आल्यावर काही दिवसांतच पंतप्रधान मियाझावांना सोलला जाऊन माफी मागावी लागली, आणि ४ ऑगस्ट १९९३ रोजी मुख्य कॅबिनेट सचिव कोनो यांचं निवेदन आलं. त्यात लष्कराचा सहभाग आणि जबरदस्ती दोन्ही मान्य केली होती. पुढच्या काही नेत्यांनी ते निवेदन पातळ करायचा प्रयत्न केला हे दुर्दैव, पण ते आजही मागे घेतलेलं नाही.

आता या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेली गोष्ट. अशा स्त्रियांचं एक अगदी सुरुवातीचं स्मारक खुद्द जपानमध्ये उभं राहिलं, सोलच्या पंचवीस वर्षं आधी. चिबा प्रांतात तातेयामा इथे निराधार स्त्रियांसाठी एका पाद्रींनी चालवलेली कानिता वसाहत आहे. तिथे राहणाऱ्या एका जपानी बाईंनी (शिरोता सुझुको हे त्यांचं टोपणनाव) आश्रमाच्या प्रमुखांना सांगितलं की माझ्याबरोबरच्या ज्या तिकडेच मेल्या त्या मला दिसतात, त्यांच्यासाठी काहीतरी उभारा. १९८५ मध्ये टेकडीवर लाकडी खांब रोवला, दुसऱ्या वर्षी तिथे दगडी स्तंभ आला. त्या स्वतः गरिबीमुळे विकल्या गेलेल्या होत्या आणि तैवानपासून दक्षिणेच्या बेटांपर्यंत नेल्या गेल्या होत्या.

म्हणजे जपानी बायकाही यात होत्या, आणि त्यांच्याबद्दल बोलायला आजही कुणी फारसं पुढे येत नाही. आधीपासून वेश्याव्यवसायात होत्या म्हणून त्यांना पीडित मानायचं नाही, असा एक छुपा नियम दोन्ही देशांत चालतो. मला तो अन्याय वाटतो.

सातपुडा

उत्तम चर्चा. भारताशी असलेला एक धागा कुणाच्या फारसा कानावर नसतो म्हणून लिहितो.

ऑगस्ट १९४४. ब्रह्मदेशातलं मिचिना जपान्यांच्या हातून गेलं. माघारीच्या धावपळीत वीस कोरियन तरुणी आणि त्यांना चालवणारं एक जपानी जोडपं दोस्त राष्ट्रांच्या सैन्याच्या हाती लागलं. त्यांना आणलं कुठे, तर लेडोला. आसाममधलं, लेडो रोड (युद्धात चीनकडे जायला बांधलेला रस्ता) जिथून सुरू होतो तेच लेडो. तिथल्या तळावर २० ऑगस्ट ते १० सप्टेंबर त्यांच्या जबान्या झाल्या आणि १ ऑक्टोबर १९४४ तारखेचा अमेरिकी लष्कराचा अहवाल क्रमांक ४९ तयार झाला. या विषयावर युद्ध चालू असतानाच लिहिला गेलेला हा फार महत्त्वाचा कागद, आणि तो आपल्या मातीवर लिहिला गेला. लेडोत याची साधी पाटीही असल्याचं मी कधी ऐकलं नाही.

शशांक_ज

सातपुडा, याच अहवालाचा दाखला विरुद्ध बाजूनेही देतात ना? त्यात या बायकांना वेश्याच म्हटलंय, त्यांना पैसे मिळत होते असंही आहे. मी वाद घालण्यासाठी विचारत नाही, मला खरंच समजून घ्यायचंय.

सातपुडा

प्रश्न रास्त आहे. हो, अहवाल लिहिणाऱ्याचा सूर तुच्छतेचाच आहे, आणि नाकारणारे नेमकी तेवढीच वाक्यं उचलतात. पण त्याच कागदात पुढे काय आहे बघा. १९४२ मध्ये कोरियात दलाल आले, त्यांनी कामाचं स्वरूप उघड केलं नाही. इस्पितळात जखमी सैनिकांची सेवा, बँडेज गुंडाळणं, चांगला पगार, घरावरचं कर्ज फिटेल, नवीन देश बघायला मिळेल असं सांगितलं. सह्या झाल्या, घरच्यांना काहीशे येन उचल दिली, आणि त्या उचलीने मुली बांधल्या गेल्या. अशा सुमारे आठशे जणी त्या वर्षी ऑगस्टमध्ये रंगूनला उतरवल्या. वीस जणींच्या यादीत वयं दिली आहेत. पकडल्या तेव्हाची वयं. दोन वर्षं वजा केली की त्यांतल्या काही जणी निघाल्या तेव्हा सतरा-अठराच्या होत्या हे दिसतं.

मिळकतीचा निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा मालक कापून घेई, वर अन्न-कपडालत्त्याचे चढे दर लावी, हेही त्यातच आहे. उचल देऊन माणूस बांधून घेणं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं समजवायला नको, वीटभट्टीवर आणि ऊसतोडीत आपण ते बघतो. पैसे दाखवले म्हणून राजीखुशी ठरत नाही. पोरगी परत जायला मोकळी होती का, हे विचारायचं. हजारो मैल दूर, ब्रह्मदेशाच्या जंगलात, युद्ध चालू असताना ती कुठे जाणार होती?

शशांक_ज

धन्यवाद. उचलीचा हा मुद्दा मी या बाजूने कधी पाहिला नव्हता. कराराबद्दल मात्र माझा प्रश्न अजून शिल्लक आहे.

दर्यावर्दी

मी बोटीवर असतो. मनिला आमचं नेहमीचं बंदर. फिलिपिनो सहकाऱ्यांमुळे तिकडची हकीकत माहीत झाली, ती सांगतो.

मनिलात रोहास बुलेव्हारला, समुद्राच्या कडेच्या फिरण्याच्या रस्त्यावर, ८ डिसेंबर २०१७ ला एक ब्राँझचा पुतळा बसवला होता. शिल्पकार होनास रोसेस. पारंपरिक पोशाखातली उभी बाई, डोळ्यांवर पट्टी बांधलेली, दोन्ही हात छातीशी. मी पाहिलाय. समोर खाडीत सूर्यास्त बघायला गर्दी, मक्याची कणसं आणि फुगे विकणारी पोरं, आणि त्या गर्दीत ती पट्टी बांधलेली बाई. चिनी वंशाच्या स्थानिक लोकांनी आणि संघटनांनी पैसे घातले होते, इतिहास आयोगाची अधिकृत पाटी होती.

पुढच्या एप्रिलच्या २७ तारखेला रात्री यंत्र आणून पुतळा काढला. सरकारी कारण, गटाराचं काम. जपान सरकारने आधी नाराजी कळवली होती, आणि फिलिपिन्समध्ये रस्ते, पूल, रेल्वे यांना जपानचं कर्ज मोठं. काढलेला पुतळा शिल्पकाराकडे परत गेला आणि तिथून नाहीसा झाला. लागुना प्रांतात सान पेद्रोला त्याच वर्षाच्या शेवटी सोलच्या जोडप्याने केलेला पुतळा बसवला, तो तर दोन दिवसांत हलवला.

माझ्याबरोबरचा एक जुना बोसन (खलाशांचा मुकादम) पांपांगा प्रांतातला. त्याच भागात मापानिके नावाचं गाव आहे. २३ नोव्हेंबर १९४४ रोजी जपानी सैन्याने गावातल्या पुरुषांना मारलं आणि बायकामुलींना शेजारच्या बुलाकान प्रांतातल्या एका मोठ्या लाल वाड्यात नेलं. 'बाहाय ना पुला', लाल घर, म्हणून तो वाडा सगळ्यांना माहीत. त्या बायकांनी म्हातारपणी 'मलाया लोलाज' म्हणून संघटना केली (लोला म्हणजे आजी). त्यांच्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. शेवटी २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्री-हक्क समितीने म्हटलं की फिलिपिन्स सरकारनेच यांच्या बाबतीत कर्तव्य केलं नाही. त्या वेळी मोजक्याच जिवंत होत्या.

शशांक, तुम्ही संबंध सुधारण्याचं म्हणता. मनिलात पुतळा काढून संबंध सुधारलेच की. किंमत कोणी दिली तेवढं बघा.

आरती_बे_एरिया

आमच्या सॅन फ्रान्सिस्कोतली हकीकत याच्या उलटी आहे, म्हणून जोडते.

चायनाटाऊनच्या कडेला सेंट मेरीज स्क्वेअर आहे, तिथे २२ सप्टेंबर २०१७ ला स्टीव्हन व्हाइट यांचं शिल्प लागलं. एका स्तंभावर तीन मुली, एक चिनी, एक कोरियन, एक फिलिपिनो, हातात हात धरून, पाठी एकमेकींकडे. खाली जमिनीवर म्हाताऱ्या किम हाक-सुन उभ्या, त्या मुलींकडे बघत आहेत. पुढाकार होता लिलियन सिंग आणि ज्युली टँग या दोन निवृत्त न्यायाधीश बायकांचा. २०१५ मध्ये शहराच्या पर्यवेक्षक मंडळापुढे सुनावणी झाली, तेव्हा ली योंग-सू ही आजी कोरियाहून साक्ष द्यायला आली. तिच्यादेखत काही लोकांनी ती खोटं बोलते असं सांगितलं. तरी ठराव एकमताने झाला.

शिल्प शहराने स्वीकारल्यावर ओसाकाच्या महापौरांनी सॅन फ्रान्सिस्कोशी असलेलं भगिनी-शहराचं नातं तोडलं. १९५७ पासूनचं नातं. शहराने शिल्प हलवलं नाही.

एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. दक्षिणेला ग्लेनडेलमध्ये २०१३ ला सोलच्या मुलीची प्रत बसवली, तेव्हा विरोधकांनी खटला भरला आणि तो वरपर्यंत हरले. तिथे पाठिंबा देणाऱ्यांत जपानी वंशाच्या अमेरिकनांची एक नागरी हक्क संघटनाही होती. १९४२ मध्ये अमेरिकेने त्यांच्या आईबापांना, आजीआजोबांना काटेरी तारांच्या छावण्यांत टाकलं होतं. १९८८ मध्ये अमेरिकी सरकारने कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. सरकारची माफी कशी असते हे त्या लोकांनी स्वतः अनुभवलेलं होतं, म्हणून ते कोरियन आज्यांच्या बाजूने उभे राहिले.

शशांक, तुमच्या शिल्लक प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. ती माफी कायदा होऊन आली, त्याआधी आयोगासमोर शेकडो जणांनी जबान्या दिल्या होत्या. पण माफी झाली म्हणून सरकारने छावण्यांच्या जागी स्मारकं नकोत असं म्हटलं नाही. उलट त्यांतल्या मान्झानारच्या छावणीचं राष्ट्रीय स्मृतिस्थळ झालं.

अनामिका_क

सगळं वाचलं. मी थोडी वेगळी बाजू मांडते, राग मानू नये.

मला या मुलीच्या कोवळेपणाची अडचण वाटते. चौदा-पंधरा वर्षांची, निष्पाप, कपड्यांत नीटनेटकी. तिच्याबद्दल कुणालाही कळवळा येईल. पण वर निहोंगोताईंनी लिहिलं तशा ज्या आधीपासून धंद्यात होत्या, ज्या पंचवीस-तिशीच्या होत्या, मापानिकेत ज्यांना लेकरांसकट नेलं असेल, त्यांची मूर्ती कोण करणार? 'शुद्ध' मुलीवरच अत्याचार झाला तरच तो अत्याचार, हा विचार आपल्याकडे बलात्काराच्या प्रत्येक खटल्यात डोकावतो. स्मारकाने तो आणखी घट्ट करू नये. कोरियात पार्क यू-हा या प्राध्यापक बाईंनी याच्या जवळपासचं काही मांडलं, तर त्यांच्यावर खटले झाले, फौजदारी प्रकरण २०२३ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात लटकलं. त्यांचं सगळं मला पटत नाही, पण मत मांडलं म्हणून कोर्टात खेचणं चूकच.

दुसरं, कोरियातल्या अमेरिकन लष्करी तळांभोवतीच्या वस्त्यांत कोरियन सरकारनेच बायकांचा धंदा पोसला, त्यांची सक्तीने तपासणी केली, कोंडून ठेवलं. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं. त्या बायकांसाठी राजधानीच्या मध्यभागी खुर्ची आहे का?

मृदगंधा

अनामिका, राग कसला, या धाग्यावर हे यायलाच हवं होतं.

तरी शिल्पाच्या बाजूने बोलते. मुलीकडे समोरून बघून निघून गेलं तर तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू होतं. पण ती सावली तिच्याबरोबरच घडवलेली आहे. म्हातारी, वाकलेली, जिने नंतर साठ वर्षं काढली, लग्न केलं किंवा केलं नाही, दारू विकली, मोलकरीण झाली, आणि सत्तरीत रस्त्यावर येऊन बसली. स्मारकात ती दोघी मिळून आहे. माझी तक्रार प्रतींबद्दल आहे. काही ठिकाणी नुसती मुलगी नेऊन बसवतात, सावली गाळतात. तिथे मात्र शिल्प तुम्ही म्हणता तसं गोड आणि अर्धवट होतं.

आणि याच जोडप्याचं दुसरं काम तुम्हाला सांगायलाच हवं. व्हिएतनाम युद्धात दक्षिण कोरियाचे सैनिक अमेरिकेच्या बाजूने लढले आणि त्यांनी गावंच्या गावं मारली. किम सो-ग्योंग आणि किम उन-सोंग यांनी त्यासाठी 'व्हिएतनाम पिएता' केलं: आई, मांडीवर तान्हं मूल, दोघांचे डोळे मिटलेले. २०१७ च्या एप्रिलमध्ये ते जेजू बेटावर गांगजोंग गावात बसवलं. आपल्या देशाच्या जखमेचं शिल्प केलं म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलेल्या शिल्पकारांनी, आपल्याच सैन्याने केलेल्या हत्यांचं शिल्प करणं सोपं नसतं. त्यांच्या हाताबद्दल माझ्या मनात आदर होता, हे कळल्यावर तो कितीतरी वाढला.

कावेरी_सोल

मृदगंधाताईंच्या मुद्द्याला जोडून. किम बोक-दोंग आणि गिल वोन-ओक या दोन आज्यांनी ८ मार्च २०१२ रोजी जाहीर केलं की जपानकडून भरपाई मिळाली तर ती सगळी आम्ही इतर युद्धांतल्या अत्याचारित बायकांना देऊ. त्यातून 'फुलपाखरू निधी' उभा राहिला. काँगोतल्या बायकांना मदत गेली, व्हिएतनाममधल्या बायकांनाही गेली, आणि किम बोक-दोंग आजींनी आपल्या देशाच्या सैनिकांनी केलं त्याबद्दल व्हिएतनामी बायकांची क्षमा मागितली. २०१९ च्या जानेवारीत त्या गेल्या. अंत्ययात्रा दूतावासासमोरून, या मुलीच्या समोरून नेली होती.

चळवळ निष्कलंक आहे असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये ली योंग-सू आजींनीच संघटनेने देणग्यांचं काय केलं म्हणून जाहीर सवाल केला, माजी प्रमुखांवर खटला चालला आणि निधीच्या अफरातफरीबद्दल त्या दोषी ठरल्या. इथे लोकांना ते फार लागलं. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. पण अपराध हिशेबाचा होता, त्यामुळे आज्यांची साक्ष खोटी ठरत नाही.

गोदाकाठ

आपल्या शेजारचंच उदाहरण. १९७१ मध्ये बांगलादेशात पाकिस्तानी सैन्याने आणि त्याच्या स्थानिक साथीदारांनी, रझाकारांनी, केलेल्या अत्याचारांत दोन ते चार लाख बायका सापडल्याचं सांगतात. शेख मुजीबनी त्यांना 'बीरांगना' म्हटलं, पण घरांनी दारं लावून घेतली. फिरदौसी प्रियभाषिणी या शिल्पकार बाई उघडपणे बोलणाऱ्या पहिल्यांपैकी. वाळलेली मुळं, ओंडके, फांद्या गोळा करून त्या शिल्पं करत. २०१६ मध्ये त्यांना मुक्तियोद्धा म्हणून अधिकृत मान्यता मिळाली, २०१८ मध्ये त्या वारल्या. मृदगंधाताई, तुम्ही त्यांच्या कामावर कधीतरी लिहा.

निहोंगो_पुणे

एक भर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नागोयात आइची त्रिवार्षिक कलाप्रदर्शनाच्या एका विभागात सोलच्या मुलीची प्रत ठेवली होती. तीन दिवसांत तो विभाग बंद करावा लागला, कारण जाळून टाकू अशा धमक्या आल्या, आणि क्योतोत अ‍ॅनिमेशन स्टुडिओ जाळून माणसं मारल्याला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. निषेध म्हणून इतर अनेक कलाकारांनी आपलीही कामं झाकली. ऑक्टोबरमध्ये शेवटचे काही दिवस विभाग पुन्हा उघडला. आत जायला चिठ्ठ्यांची सोडत काढत, आणि चिठ्ठी लागावी म्हणून जपानी लोकांनी मोठ्या रांगा लावल्या. माझे जे विद्यार्थी जपानला जातात त्यांना मी तोक्योतल्या वासेदाजवळच्या स्त्रिया, युद्ध आणि शांतता या विषयावरच्या छोट्या संग्रहालयात जायला सांगते. २००५ मध्ये जपानी बायकांनीच ते उभं केलं आहे.

रानजाई

कावेरीताई, डिसेंबरात ऑफिसच्या कामाने सोलला येतेय. तिथे जाता येईल का? एकटीने गेलं तर चालतं का?

कावेरी_सोल

नक्की जा, एकटीने अगदी बिनधास्त. आनगुक मेट्रो स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं. बुधवारी दुपारी बाराला निदर्शन असतं, तेव्हा आज्या आता नसतात, वयं नव्वदीच्या पुढे गेली आहेत, पण शाळाकॉलेजची मुलं असतात आणि माइकवर बोलतात. समोर विरोधी गटही लाउडस्पीकर लावून उभा असला तर घाबरू नका, मध्ये पोलीस असतात. २०२० पासून याच गटांमुळे पुतळ्याभोवती बॅरिकेड लावले गेले, त्यामुळे खुर्चीवर बसता येईलच असं नाही.

वेळ असेल तर मापो भागातलं युद्ध आणि स्त्री-मानवाधिकार संग्रहालयही बघा, २०१२ ला एका जुन्या दुमजली घरात सुरू झालंय. दगडगोट्यांच्या वाटेने आत जाऊन आधी तळघरात उतरावं लागतं आणि मग जिन्याने वर, जिन्याच्या भिंतींवर आज्यांची वाक्यं आहेत. इंग्रजीत ऐकायचं यंत्र मिळतं. निघण्याआधी उघडे असायचे दिवस तपासा. आणि गरम मोजे घालून या, मला इथे निरोप पाठवा, त्या दिवशी जमलं तर मीही येईन.